संन्याशाचं सेकंडहँड घर

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास, आणि त्यातही वर्गाबाहेर कुणी मराठीत बोललं तर फाइन! त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाचे जे काही निकाल लागले असतील त्यांच्या रीचेकिंगची सोय संपादक मंडळाकडे आहे. विषय मात्र पूर्णपणे माझा आहे. तो वाचून 'हिला झालंय तरी काय?' असं विचारावंसं वाटलं, तर कृपया लेख संपल्यावर विचारा.

विषय आहे खेकड्यांचे रिकामे शंख उकळण्याचा.

हसलात ना? माझी रूममेटसुद्धा हसली. "सबमिशन डोक्यावर आहे आणि तू खेकड्यांच्या घरांची चिंता कर," असं म्हणून ती परत जर्नल छापायला बसली (छापायला म्हणजे कशाला, ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको). पण माझं म्हणणं खरंच गंभीर आहे आणि ते एका वाक्यात मांडता येतं. पाळलेल्या हर्मिट क्रॅबला नवा कोरा शंख विकत आणून देण्यापेक्षा किंवा किनाऱ्यावरून उचलून आणण्यापेक्षा, आधीच घरात असलेला जुना शंख नीट स्वच्छ करून परत देणं जास्त शहाणपणाचं आहे. आणि 'जुनं म्हणजे कमी प्रतीचं' ही आपली समजूत या एवढ्याशा प्राण्याकडून तपासून घेण्यासारखी आहे.

ज्यांना हा प्राणी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. हर्मिट म्हणजे संन्यासी. एकटा आपल्या गुहेत राहतो म्हणून इंग्रजांनी त्याला हे नाव दिलं असावं. पण इतकं चुकीचं नाव क्वचितच कुणाला मिळालं असेल! एक तर जमिनीवरचे हर्मिट क्रॅब एकटे राहत नाहीत, घोळक्याने राहतात. आणि दुसरं म्हणजे घर सोडलेला तो संन्यासी, हा पठ्ठ्या तर आयुष्यभर घराच्याच शोधात असतो. त्याच्या शरीराचा पुढचा भाग खेकड्यासारखा टणक, पण पोट मात्र अगदी मऊ आणि पीळ पडलेलं. त्याला कवच नाही. म्हणून तो मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधतो, त्यात पाठमोरा शिरतो आणि तो शंख पाठीवर घेऊन फिरतो. स्वतः शंख बनवणं त्याला जमत नाही. शंख वाढत नाही, हा मात्र वाढतो. म्हणजे दर थोड्या काळाने मोठं घर हवंच. जगात या प्राण्याच्या आठशेहून जास्त जाती आहेत. बहुतेक समुद्रात राहतात, काही थोड्याच जमिनीवर. पाळण्यासाठी विकले जातात ते मुख्यतः जमिनीवरचे.

आता हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या मुलीला हे सगळं कुठून कळलं? माझा मामा न्यू जर्सीला असतो. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर लाकडी फळ्यांचे लांबच लांब रस्ते आहेत, त्यांना बोर्डवॉक म्हणतात. आपल्या चौपाटीवर भेळ आणि फुगे, तसं तिथल्या दुकानांत पिंजऱ्यांतून हर्मिट क्रॅब विकतात. शंखांवर रंग फासलेला, कुणावर फुटबॉल, कुणावर कार्टून. 'पिंजरा घ्या, खेकडा फुकट' अशी पाटीसुद्धा असते. माझ्या अकरा वर्षांच्या मामेबहिणीला अशाच एका दुकानातून दोन खेकडे मिळाले, आणि पुढच्या व्हिडिओ कॉलवर मला प्रश्न आला, "ताई, तू इंजिनिअर आहेस ना? मग सांग, याचं दुसरं घर कसं बनवायचं?" मी सेकंड इयरला आहे, इंजिनिअर व्हायला अजून केटी सोडवायच्या आहेत, पण बहिणीसमोर इज्जतीचा प्रश्न होता. म्हणून वाचायला लागले. (आमच्या आजीला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "कुर्ल्या पाळतात? खातात ना गो त्या?")

वाचत गेले तशी पहिली गोष्ट कळली ती म्हणजे 'फुकट खेकडा' हा प्रकार मुळीच फुकट नाही. अमेरिकेत सर्वात जास्त विकला जाणारा खेकडा म्हणजे कोएनोबिटा क्लिपिएटस. त्याचा डावा मोठा नांगा जांभळट असतो, शंखात शिरल्यावर तो दारासारखा लावून घेतो. हा कॅरिबियन बेटांवरचा आणि आसपासच्या किनाऱ्यांवरचा रहिवासी. त्याची मादी अंडी समुद्रात सोडते, पिल्लांचं सुरुवातीचं आयुष्य समुद्रात तरंगत जातं आणि मग ती शंख शोधून जमिनीवर येतात. हे सगळं टाकीत घडवून आणणं इतकं कठीण आहे की मोजक्याच हौशी लोकांना ते जमलं आहे. म्हणजे दुकानातला जवळजवळ प्रत्येक खेकडा कुठल्या तरी किनाऱ्यावरून उचलून आणलेला असतो. आणि नीट सांभाळला तर तो ३० वर्षंसुद्धा जगू शकतो. बोर्डवॉकवरून घरी गेलेले बरेचसे मात्र काही महिन्यांतच संपतात. कारण त्याला पिंजरा चालतच नाही. तो बदल झालेल्या कल्ल्यांनी श्वास घेतो आणि ते कल्ले ओले राहायला हवेत, म्हणजे काचेची झाकणवाली टाकी आणि ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी. कात टाकताना तो वाळूत स्वतःला पुरून घेतो आणि कित्येक आठवडे खाली राहतो, म्हणजे खोल ओलसर वाळू हवी. गोडं पाणी हवं आणि खारंही. आणि हवेत शंख. एक नाही, अनेक.

इथून माझा खरा मुद्दा सुरू होतो.

निसर्गात रिकामे शंख कमी आणि गिऱ्हाइकं जास्त, अशी परिस्थिती असते. आपल्या हॉस्टेलच्या रूम अलॉटमेंटसारखी! फायनल इयरच्या सिंगल रूम रिकाम्या झाल्या की थर्ड इयरवाले तिकडे सरकतात, त्यांच्या खोल्यांत सेकंड इयरवाले, आणि शेवटी संडासाशेजारची तीन खाटांची खोली फर्स्ट इयरच्या नशिबी येते. एक खोली रिकामी झाली, पण फायदा तिघांचा झाला. समाजशास्त्रात याला 'व्हेकन्सी चेन' म्हणतात. हॅरिसन व्हाइट या समाजशास्त्रज्ञाने १९७० साली यावर पुस्तक लिहिलं, आणि त्यातला मुख्य अभ्यास चर्चमधल्या पाद्र्यांच्या बदल्यांचा होता. पुढे इव्हान चेस या संशोधकाने १९८० च्या दशकात दाखवून दिलं की हर्मिट क्रॅबसुद्धा अगदी असंच करतात. मोठा शंख रिकामा दिसला की मोठा खेकडा त्यात जातो, त्याचं घर मधल्याला, मधल्याचं धाकट्याला.

याहून गंमत पुढे आहे. रँडी रॉटजन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली याच जांभळ्या नांग्यांच्या खेकड्यांबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं की कधीकधी खेकडे रिकाम्या शंखाजवळ थांबून राहतात, आकाराप्रमाणे मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लावतात, आणि योग्य मापाचा मोठा खेकडा आला की काही क्षणांत सगळी रांग एकदम घरं बदलते. आपल्या मेसमध्ये पोळी आल्यावर अशी रांग लागलेली मी तरी पाहिलेली नाही.

म्हणजे या प्राण्याच्या दुनियेत सेकंडहँड घर हा नाइलाज नाही, तीच रीत आहे. उलट काही वेळा जुनं घरच जास्त चांगलं. कोस्टारिकाच्या किनाऱ्यावरच्या कोएनोबिटा कॉम्प्रेसस या जातीचा मार्क लेड्रे यांनी अभ्यास केला आहे. तिथे खेकडे शंख आतून झिजवतात, मधला खांब काढून टाकतात, जागा वाढवतात. शंख हलका होतो, आत पाणी आणि अंडी ठेवायला जागा होते. हे काम एका आयुष्यात होतं असंही नाही, एकाने थोडं करावं आणि पुढच्याने पुढे न्यावं असा कारभार. अशा मोठ्या झालेल्या खेकड्यांना नवा कोरा, न कोरलेला शंख उपयोगाचा नसतो. त्यांना कुणीतरी वापरलेला, 'रिनोव्हेट' केलेलाच लागतो. चार पिढ्यांनी मार्जिनमध्ये टिपा लिहिलेलं सीनियरचं पुस्तक आणि दुकानातलं कोरं पुस्तक, यातलं परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही कुठलं उचलाल? तसंच ते!

त्याच लेड्रे यांनी एका विद्यार्थिनीबरोबर २०१९ साली आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. या जातीच्या मेलेल्या खेकड्याच्या मांसाचा वास आला की बाकीचे खेकडे तिकडे धाव घेतात. कारण सरळ आहे, एक गेला म्हणजे एक घर रिकामं झालं. ऐकायला क्रूर वाटतं. पण आपल्या शहरात भाड्याची खोली शोधताना आपणही 'कोण सोडून चाललंय?' हेच विचारतो की नाही?

आणि सर्वात मोठं उदाहरण बर्म्युडाचं. तिथे या खेकड्याला लागणारा मोठा शंख 'सिटॅरियम पिका' नावाच्या समुद्री गोगलगायीचा. माणसांनी ती गोगलगाय खाऊन खाऊन बेटावरून संपवली. मग खेकड्यांनी काय केलं? वाळूच्या जुन्या टेकड्यांतून झिजून बाहेर पडणारे तिचेच जीवाश्म शंख वापरायला सुरुवात केली. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या गोगलगायीचं घर पाठीवर! स्टीफन जे गूल्ड यांनी 'द पांडाज थम्ब' या १९८० च्या पुस्तकात यावर लिहिलं आहे. १९८२ साली ती गोगलगाय बर्म्युडात पुन्हा आणून सोडली गेली. पण त्याआधी तिथल्या खेकड्यांची ती वस्ती टिकून राहिली ती सेकंडहँड मालावर.

आता टाकीकडे येऊ. टाकी म्हणजे बंद व्यवस्था. बाहेरून गोगलगायींचे शंख वाहून येत नाहीत. आपण जे ठेवू तेवढंच. दोन खेकडे आणि दोनच शंख असतील तर कात टाकून मोठा झालेला खेकडा काय करणार? एक तर अंगाला घट्ट झालेल्या शंखात कोंडून राहणार, नाही तर दुसऱ्याला त्याच्या घरातून ओढून काढणार. अशा मारामारीत खेकडे मरतात. म्हणून माहीतगार मंडळी सांगतात की दर खेकड्यामागे तीन ते पाच जादा शंख ठेवा. काही आत्ताच्या मापाचे, काही थोडे मोठे.

हे जादा शंख आणायचे कुठून? तीन वाटा आहेत.

पहिली वाट, दुकानातले रंगवलेले शंख. ही सरळ फुली मारायची. ओलसर टाकीत रंगाचे पापुद्रे सुटतात आणि खेकडा ते कुरतडतो. काही लोक म्हणतात, "पण आमचा खेकडा आपणहून रंगीत शंखात गेला!" निवडायला दुसरं काही ठेवलंच नसेल तर ती निवड कसली? हॉस्टेलमध्ये रोज दुधी असला म्हणजे आम्हाला दुधी आवडतो असं मेसवाल्याने म्हणण्यासारखं आहे ते.

दुसरी वाट, किनाऱ्यावर जाऊन पिशवी भरून आणायची. ही वाट निर्दोष वाटते, कारण शंख तर 'नुसते पडलेले' असतात. पण नुसता पडलेला शंख म्हणजे कुणाचं तरी उद्याचं घर. स्पेनमधल्या एका किनाऱ्याचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथे साधारण ३० वर्षांत पर्यटक जवळजवळ तिप्पट झाले आणि वाळूतल्या शिंपल्यांची संख्या ६० टक्क्यांहून जास्त घटली. एकेका माणसाने एकेकच उचलला असेल, पण बेरीज तर होतेच ना.

घर न मिळालेला खेकडा मग काय करतो तेही आता फोटोंतून दिसू लागलं आहे. २०२४ साली पोलंडच्या संशोधकांनी इंटरनेटवर लोकांनी टाकलेले फोटो तपासले. जमिनीवरच्या १६ जातींपैकी १० जातींचे मिळून ३८६ खेकडे कृत्रिम 'शंखात' सापडले. बहुतेकांच्या पाठीवर प्लॅस्टिकची झाकणं! त्याआधी २०२० च्या एका अभ्यासात हिंदी महासागरातली कोकोस बेटं आणि पॅसिफिकमधलं हेंडरसन बेट या दोन ठिकाणी मिळून वर्षाला सुमारे ५ लाख ७० हजार हर्मिट क्रॅब प्लॅस्टिकच्या बाटल्या-डब्यांत अडकून मरत असावेत असा अंदाज निघाला. आत शिरतात, गुळगुळीत भिंत चढता येत नाही. त्यात त्या वासाचा हिशोब लावा. एक मेला की वासाने दुसरा आत येतो. जी युक्ती घर मिळवायला होती, तीच बाटलीत सापळा होते. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे काही वाचू शकले नाही.

म्हणून उरते तिसरी वाट, आणि माझं मत तिच्या बाजूने आहे. टाकीत खेकड्याने सोडलेला शंख, मेलेल्या खेकड्याचा शंख, ओळखीच्या कुणी पाळणं बंद केलं असेल तर त्यांच्याकडचे शंख, शोकेसमध्ये वर्षानुवर्षं धूळ खात पडलेले बिनरंगी, बिनपॉलिशचे शंख. हे सगळे परत वापरायचे. अट एकच, नीट साफ करून. इथेच बहुतेकांची गाडी अडते, म्हणून बायकांच्या मासिकातल्या पाककृतीसारखी पद्धत देते.

साहित्य: रिकामे शंख, फक्त याच कामासाठी ठेवलेलं एक पातेलं, क्लोरिन काढलेलं पाणी, लांब चिमटा, मऊ ब्रश, टॉर्च.

कृती:

१) पहिली गोष्ट, शंख खरंच रिकामा आहे का ते बघा. टॉर्च लावा, हलवा, वास घ्या. घाबरलेला खेकडा खूप आत जाऊन बसतो. हे पाऊल चुकलं तर पुढची सगळी कृती आजीच्या रेसिपीत जमा! आणखी एक, शंखाबाहेर पाय-नांग्या पडलेल्या दिसल्या की लगेच खेकडा मेला असं समजू नका. पोकळ आणि हलकं असेल तर ती टाकलेली कात असते. तो ती नंतर खातोही, त्यामुळे ती तिथेच राहू द्या.

२) नळाच्या पाण्यातला क्लोरिन काढायला मत्स्यालयाच्या दुकानात औषध मिळतं. पाणी एक दिवस उघडं ठेवलं की साधा क्लोरिन उडून जातो, पण अमेरिकेतल्या बऱ्याच गावांत पाण्यात क्लोरामिन घालतात, ते असं उडत नाही. तिथे औषधच हवं.

३) शंख आधी साध्या पाण्यात भिजवून आतली वाळू, सुकलेलं मांस झटकून काढा. ब्रश फक्त बाहेरून आणि तोंडाशी.

४) शंख गार पाण्यात ठेवून मग गॅस लावा. उकळत्या पाण्यात एकदम टाकले तर तडकू शकतात. मेकॅनिकलवाल्यांना थर्मल स्ट्रेस समजावून सांगायची गरज नाही. (बाकीच्यांनी थंड काचेच्या ग्लासात कडक चहा ओतून बघावा, स्वतःच्या ग्लासात.) उकळी आली की साधारण पाच ते दहा मिनिटं पुरे.

५) गॅस बंद करून पाण्यातच गार होऊ द्या. शंखाच्या पिळात उकळतं पाणी अडकून राहतं, घाईने उचलला तर ते हातावर येतं. मायक्रोवेव्ह वापरू नका, आत अडकलेल्या पाण्याची वाफ बाहेर यायला जागा शोधते.

६) गार झाल्यावर शंख उलटसुलट करून पिळातलं सगळं पाणी काढा, पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवा आणि तोंड खाली करून वाळवा. वाळल्यावर परत एकदा वास घ्या. वास असेल तर पुन्हा उकळा.

७) तोंडाच्या कडेवरून बोट फिरवा. कपचा उडालेला, धार असलेला किंवा भोक पडलेला शंख बाद करा. शेवटी टाकीत ठेवताना तोंड वर करून ठेवा, म्हणजे खेकड्याला तपासणी करता येते. तो नांगा आत घालून, शंख फिरवून बघतो. घरमालकापेक्षा भाडेकरू जास्त चौकस!

आता काय करायचं नाही ते. साबण नको, ब्लीच नको. पिळाच्या टोकापर्यंत ते जातं आणि तिथून पूर्ण धुऊन निघालं की नाही हे बघायला काही मार्ग नाही. व्हिनेगर किंवा लिंबू तर अजिबात नको. इंटरनेटवर 'शंख चकचकीत करा' म्हणून ही युक्ती सापडते. पण बारावीचं सॉल्ट अॅनालिसिस आठवा. कार्बोनेटवर अॅसिड टाकलं की बुडबुडे येतात आणि आपण आनंदाने 'कार्बोनेट प्रेझेंट' लिहायचो. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. ते बुडबुडे म्हणजे भिंत विरघळते आहे. चकाकी आपल्या डोळ्यांना, पातळ भिंत त्याच्या वाट्याला.

मापाचं काय? इथे मात्र आपली लाइन उपयोगी पडली. मामाकडे एक प्लॅस्टिकचा व्हर्नियर होता. बहिणीला सांगितलं, आत्ताच्या शंखाच्या तोंडाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोज आणि जादा शंखांची एक यादी कर, थोडे मोठे, तेवढेच, थोडे लहान. या जातीला गोल तोंडाचे शंख आवडतात, लांबट फटीसारखं तोंड असलेले नाही. तिने वहीत तक्ता केला. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आम्ही केलेल्या रीडिंग्जपेक्षा तो तक्ता जास्त खरा होता, एवढंच सांगते.

यावर मला तीन आक्षेप ऐकू आले. पहिला मामीचा. "मेलेल्याचं घर दुसऱ्याला द्यायचं? बरं वाटत नाही गं." मामीची भावना मी समजू शकते. पण आजोबा गेल्यावर त्यांचा स्वेटर धुऊन, इस्त्री करून वॉचमनकाकांना दिला होता तो तिनेच. वस्तूला विटाळ नसतो, घाण असते, आणि घाण धुता येते. खेकडा तर वास घेऊनच तिथे येतो.

दुसरा आक्षेप रूममेटचा. "शंख काही डॉलरला मिळतो, त्यासाठी एवढा गॅस आणि वेळ?" किमतीचा हिशोब असा करायचा असेल तर तो पुरा करा. विकत मिळणारा मोठा शंख बहुतेक वेळा जिवंत गोगलगाय पकडून मिळवलेला असतो. आपल्या बिलात ती गोगलगाय लिहिलेली नसते.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार. "मुळात जंगली प्राणी पाळायचाच कशाला? शंख उकळून पाप धुतलं जातं का?" नाही धुतलं जात. माझं स्पष्ट मत आहे की नवा हर्मिट क्रॅब कुणीही विकत घेऊ नये. जपानने १९७० मध्येच जमिनीवरच्या हर्मिट क्रॅबना 'नैसर्गिक स्मारक' म्हणून संरक्षण दिलं, आपल्याला तेवढं तरी मनाने ठरवता येईल. पण जे आधीच टाकीत आहेत त्यांचं काय? न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर सोडले तर थंडीने मरतील, तो त्यांचा किनाराच नाही. कॅरिबियनला विमानाने कोण पाठवणार? ते आता आपली जबाबदारी आहेत, कदाचित पुढची वीस वर्षं. मामेबहीण कॉलेजात जाईल तेव्हाही ते असू शकतील. म्हणून 'पाळू नका' आणि 'पाळलाय तर नीट पाळा' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी बोलावी लागतात. ज्यांना हौसच आहे त्यांनी दुकानात न जाता दुसऱ्याला नकोसे झालेले खेकडे घ्यावेत, तिथे असे दत्तक देणारे-घेणारे लोक आहेत. खेकडासुद्धा सेकंडहँड!

आणि हे सगळं सातासमुद्रापलीकडचं आहे, असं समजून पान उलटू नका. आपल्या कोकणातही हर्मिट क्रॅब आहेत. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत बारीक शंख तुरुतुरु चालताना दिसतात, ते हेच. पण हे समुद्रातले. त्यांना ना टाकी चालते ना बाटली. ट्रिपला गेलेली मुलं बिसलेरीच्या बाटलीत घालून आणतात, बसमध्ये पाणी तापतं, त्यातला ऑक्सिजन संपतो, आणि खोपोली येईपर्यंत खेळ खलास. येत्या हिवाळ्यात ज्या ज्या ब्रँचची ट्रिप समुद्रावर जाणार असेल त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. फोटो काढा, हवे तेवढे. शंख उचलून बघा आणि जिथे होता तिथे ठेवा. पिशवी भरायचीच असेल तर बाटल्यांनी आणि झाकणांनी भरा.

शेवटी थोडं आपल्या घराबद्दल. मे महिन्यात हॉस्टेल रिकामं होतं तेव्हा मागच्या बाजूला गाद्या, बादल्या, मिनी ड्राफ्टर, तुटक्या हँडलचे कुकर यांचा डोंगर होतो आणि जूनमध्ये फर्स्ट इयरची मुलं त्याच वस्तू बाजारातून नव्या आणतात. आपण जुनं वापरत नाही, कारण ते घाण असतं, आणि घाण असतं, कारण जाणाऱ्याने ते धुतलं नाही. माझी रेक्टर मॅडमना आणि हॉस्टेल कमिटीला एक साधी सूचना आहे. शेवटच्या पेपरनंतरचे दोन दिवस एक रिकामी खोली उघडी ठेवा. ज्याला जी वस्तू सोडून जायची आहे त्याने ती धुऊन, पुसून, चालते की नाही हे कागदावर लिहून तिथे ठेवावी. न धुतलेली वस्तू वॉचमनकाकांनी परत करावी. जूनमध्ये येणाऱ्या मुलींनी आधी ती खोली बघावी, मग बाजार.

खर्च शून्य, साबण आपापला. गाद्यांना साबण चालतो, शंखांना नाही, एवढा फरक लक्षात ठेवा म्हणजे झालं.